कृष्णेच्या काठाने लावलेली चॅनेलं

हँडी, म्हणजे हातात मावणारा वायरलेस सेट, माझ्याकडे आला तेव्हा त्यात दुसऱ्याच माणसाचा महाराष्ट्र भरलेला होता. याएसूचा एफटी-६०आर, वापरलेला पण जपलेला. आमच्या भागातल्या एका ज्येष्ठ हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, काकांनी नवा सेट घेतला आणि हा मला दिला. यात १,००० मेमरी चॅनेलं मावतात आणि काकांनी त्यांतली भरपूर वापरली होती. डायल एकेक टिचकी पुढे सरकवली की पडद्यावर कधी घाट, कधी शहर, कधी कुठल्याशा जुन्या मोटर रॅलीचं नाव, तर कधी नुसताच आकडा. एका चॅनेलवर रोमन अक्षरांत चक्क 'बंड्या' लिहिलेलं.

"काका, हे बंड्या काय आहे हो?"

"अगं, आमच्या मेव्हण्याची जीप. त्याच्याकडंही लायसन्स होतं. जीप विकून किती वर्षं झाली. पुस तू ते."

पुसायला हात धजेना, पण इलाज नव्हता. सेट माझा झाला होता आणि मला रोज लागणारं चॅनेल गाठायला डायल फिरवून फिरवून अंगठा दुखायचा.

मी हौशी रेडिओचं लायसन्स काढलं ते २०१९ च्या पुरानंतर. त्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी कुठवर आलं ते इथल्या माणसाला सांगायला नको. आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी, ४५ ही धोका पातळी. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या घरात गेलं. वीज गेली, मोबाइलचे टॉवर बॅटरी संपेल तसे एकेक करून बसले आणि चार गल्ल्या पलीकडच्या आत्याची खबर आम्हाला कळेना. पुढे परीक्षा दिली, व्हीयू-थ्रीने सुरू होणारं कॉलसाइन (हवेवरचं माझं नाव) आलं, गावोगावच्या काही हॅम मंडळींशी ओळख झाली आणि आमचा एक छोटा गट जमला. बांधणी म्हणाल तर काही नाही. पावसाळ्याआधी भेटायचं, सेट तपासायचे, आणि नदी चढली तर एकमेकांना हाक मारता आली पाहिजे, एवढंच.

ती हाक कशी फसते ते एका सरावात दिसलं. सराव चालवणाऱ्या, म्हणजे नियंत्रणावरच्या, वहिनींनी सांगितलं, "सगळ्यांनी सातवर या." सगळे सातवर गेले आणि चिडीचूप शांतता पसरली. प्रत्येकाच्या सेटमधलं सात वेगळं होतं! कुणाचं सात म्हणजे पुण्याकडचा रिपीटर (ऐकलेलं पुन्हा लांबवर पाठवणारं केंद्र), कुणाचं सात रिकामं, काकांच्या नव्या सेटमधलं सात कुठेतरी गोव्याच्या वाटेवर. शेवटी फोनाफोनी करून सगळ्यांना परत गोळा केलं. फोन बंद पडल्यावर उपयोगी पडावी म्हणून बसवलेली व्यवस्था फोनवरून सावरावी लागली, यावर बरीच हसाहस झाली. पण यादी नीट लावायचं काम त्याच संध्याकाळी माझ्या गळ्यात पडलं.

ज्यांनी असा सेट हाताळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मेमरी चॅनेल म्हणजे नुसती फ्रिक्वेन्सी नव्हे. ऐकायचं कुठे, बोलताना किती सरकायचं, बोलताना सोबत कुठला बारीक टोन पाठवायचा, किती वॅटवर, कुठल्या नावाने आणि स्कॅन करताना तिथे थांबायचं की पुढे जायचं, हे सगळं एका आकड्यात बांधलेलं असतं. ऐन वेळी तो आकडा दाबला की बाकीचं डोक्यात ठेवावं लागत नाही. म्हणूनच आत काय बांधलंय ते आधी शांतपणे, दिवसाउजेडी बघून घ्यावं लागतं.

पहिलं काम होतं आहे ते जसंच्या तसं उतरवून ठेवायचं. यासाठी बहुतेक हॅम 'चर्प' हे लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर वापरतात. मोफत आहे, अनेक कंपन्यांचे सेट ओळखतं आणि सगळी चॅनेलं तक्त्यासारखी मांडून दाखवतं. केबलने मात्र आठवडा खाल्ला. ऑनलाइन मागवलेल्या पहिल्या केबलमधली चिप नकली निघाली. लॅपटॉपने पोर्ट दाखवलं, पण शेजारी पिवळा त्रिकोण आणि 'कोड १०'. नकली चिप ओळखली की नवा ड्रायव्हर ती चालवतच नाही, हे तेव्हा कळलं. जुना ड्रायव्हर शोधून घालणारे लोक आहेत. मी त्या वाटेला गेले नाही. गटातल्या एकाने एफटीडीआय या कंपनीच्या चिपची केबल दिली आणि काम मार्गी लागलं.

उतरवण्याची रीत अशी: सेट बंद करायचा, डाव्या कुशीवरचं मोनी बटण दाबून धरून चालू करायचा, डायल फिरवत 'एफ-८ क्लोन'वर यायचं आणि एफ-डब्ल्यू दाबायचं. मग चर्पला डाउनलोड करायला सांगून लगोलग पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबायचं. उलट दिशेने, लॅपटॉपमधून सेटमध्ये पाठवताना, पीटीटीऐवजी मोनी. सेटचा पडदा गप्प असतो, लॅपटॉपवरची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकते आणि तेवढा वेळ टेबलाला कुणी धक्का लावू नये असं वाटत राहतं. ती पहिली फाइल मी काकांच्या नावाने जपून ठेवली आहे. बंड्यासकट.

आता साफसफाई. आपल्याकडे हौशी रेडिओला दोन मीटरच्या बँडवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आणि सत्तर सेंटीमीटरवर ४३४ ते ४३८ एवढीच जागा आहे. चॅनेलांच्या तयार याद्या इंटरनेटवर मिळतात त्या बहुतेक अमेरिकेतल्या. त्यांचा बँड १४४ ते १४८, त्यामुळे त्यांची हाक मारायची नेहमीची फ्रिक्वेन्सी १४६.५२० आणि वरच्या बँडवरची ४४६.०००. या दोन्ही आपल्या हद्दीच्या बाहेर. गटातल्या दोघांनी अशी यादी डोळे झाकून भरली होती आणि पहिल्याच पानावर १४६.५२० दिमाखात बसलं होतं. हे सेट हद्द ओळखत नाहीत. पीटीटी दाबलं की बोलतात. विमानांची, पोलिसांची, कुणाकुणाची चॅनेलंही काढून टाकली. ज्या सेवेचं लायसन्स आपल्याकडे नाही तिथे कान लावणं कायद्यात बसत नाही, आणि खरं सांगायचं तर पुरात त्याचा आम्हाला उपयोगही नाही.

हद्दीच्या आतही सगळीकडे पाय पसरता येत नाहीत. १४५.८०० च्या वरची आणि ४३५ ते ४३८ ही जागा जगभर उपग्रहांसाठी राखून ठेवलेली असते. एकाने "लक्षात ठेवायला सोपं" म्हणून १४५.८२५ गटाच्या गप्पांसाठी धरलं होतं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचं डेटा पॅकेटचं यंत्र नेमकं तिथेच बोलतं. म्हणजे डोक्यावरून स्थानक जात असताना आम्ही खाली चहा झाला का ते विचारत बसणार. ते चॅनेल गेलं. खाली १४४ च्या सुरुवातीचा भाग मोर्स आणि एसएसबी या वेगळ्या पद्धतीने बोलणाऱ्यांचा, तिथे आपलं एफएम घेऊन शिरायचं नाही. सगळं वजा करून आमच्या गावगप्पांना उरली ती १४५.५०० च्या आसपासची गल्ली आणि वरच्या बँडवर ४३४ ते ४३५.

मग रिपीटर. इथे फ्रिक्वेन्सी मुद्दाम देत नाही. रिपीटर बंद पडतात, हलतात, टोन बदलतात, तेव्हा ताजी यादी त्या त्या गावच्या हॅमकडूनच घ्यावी. पण भरताना काय बघायचं ते सांगते. दोन मीटरवर रिपीटर ऐकतो आणि बोलतो यांत साधारण ६०० किलोहर्ट्झचं अंतर असतं. समजा १४५.७५० वर तो ऐकू येतो, तर आपण बोलायचं १४५.१५० वर. चर्पच्या तक्त्यात ड्युप्लेक्सच्या (कुठल्या दिशेला सरकायचं) रकान्यात वजा आणि ऑफसेटमध्ये (किती सरकायचं) ०.६ मेगाहर्ट्झ. एफटी-६० मध्ये हे सरकणं आपोआप ठरवणारी सोय आहे, पण ती परदेशातल्या बँड-योजनेवर बेतलेली आहे. आपल्याकडे ती कधी जुळते, कधी नाही. मी ती बंदच केली आणि प्रत्येक चॅनेलमध्ये हाताने लिहिलं.

टोनच्या रकान्यापाशी जास्त रेंगाळले, कारण "रिपीटर मेलाय" या तक्रारीमागे बहुतेक वेळा तोच असतो. टोन म्हणजे आवाजाच्या खाली सतत वाजणारा, माणसाला सहसा ऐकू न येणारा सूर, ८८.५, १०३.५ असे ठरलेले हर्ट्झ. रिपीटरला तो ऐकू आला तरच दार उघडतं. आता तक्त्यात 'टोन' आणि 'टोन स्क्वेल्च' अशा दोन निवडी दिसतात. पहिलीत आपला सेट टोन फक्त पाठवतो. दुसरीत पाठवतोही आणि समोरून तसाच टोन आल्याशिवाय कान उघडत नाही. सगळेच रिपीटर आपला टोन परत पाठवत नाहीत. अशा रिपीटरवर दुसरी निवड ठेवली की आपण बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं आणि आपल्याला कुणाचंच येत नाही. काकांनी ते एका फटक्यात दाखवलं. मुका वाटणाऱ्या चॅनेलवर मोनी दाबून धरलं, म्हणजे टोनची अट बाजूला सारून कान उघडला, आणि आत दोन माणसं निवांत द्राक्षांच्या भावावर बोलत होती. मी सगळीकडे साधा टोन ठेवला.

जाता जाता अजून एक रकाना: मोड. एफएम आणि एनएफएम. दुसरा अरुंद. एकाचा आवाज कायम विहिरीतून आल्यासारखा बारीक यायचा, त्याचं सगळं सेटिंग अरुंदवर होतं. बदललं आणि त्याच्या आवाजाला अंग आलं.

इथवरचं काम नुसतं नीटनेटकेपणाचं. खरी डोकेफोड क्रमाची. आधी मी फ्रिक्वेन्सीच्या चढत्या क्रमाने लावून पाहिलं. लॅपटॉपवर यादी देखणी दिसली, हातात आल्यावर निरुपयोगी. १४५.१ च्या शेजारी १४५.१२५ असण्याने माणसाला काही मिळत नाही, कारण फ्रिक्वेन्सी शेजारी असली तरी गावं शेजारी नसतात. मग जिल्ह्यांप्रमाणे. ते प्रवासाला बरं, पण आमचा बहुतेक कारभार एका जिल्ह्यात आणि शेजारच्या दोन जिल्ह्यांच्या कडेवर. मग नावाप्रमाणे. एफटी-६० वर नावाला सहा अक्षरं मिळतात, तीही रोमन. त्यात 'नरसोबाची वाडी' कशी बसवायची ते तुम्हीच सांगा. शिवाय रात्री, चष्मा नसताना, पावसात ती अक्षरं कोण वाचणार? स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्यातली हळद कुठल्या वाटीत आहे ते हात न बघता जाणतो, तसं इथे व्हायला हवं होतं. म्हणजे नाव दुय्यम, जागा महत्त्वाची.

आकडे ठरवताना अजून एक अडचण आली. माझ्या सेटमध्ये १,००० चॅनेलं, म्हणून मी शंभरा-शंभराचे ऐसपैस कप्पे पाडले होते: शंभरात सांगली, दोनशेत कोल्हापूर, तीनशेत सातारा. वहिनींनी यादी बघितली आणि आपला हँडी टेबलावर ठेवला. बाओफेंगचा यूव्ही-५आर. गटातल्या निम्म्या लोकांकडे हाच आहे, कारण खिशाला परवडतो. त्यात चॅनेलं १२८, शून्यापासून १२७ पर्यंत.

"तुमचं तीनशे आमच्यात कुठं बसवू?" त्या म्हणाल्या. बरोबरच होतं. सगळ्यांनी पाळायची यादी सगळ्यांत लहान सेटच्या मापाने शिवावी लागते.

मग नवा करार झाला. एक ते ३९ सगळ्यांच्या सेटमध्ये अक्षरशः सारखं. त्याच्या पुढे ज्याचं त्याचं राज्य. यूव्ही-५आर मध्ये शून्य असतं आणि एफटी-६० मध्ये यादी एकपासून, म्हणून शून्यावर एकचीच नक्कल ठेवली. चुकून तिथे गेलेला माणूस हरवत नाही. नावं सहाच अक्षरांची, यूव्ही-५आर मध्ये सात बसत असली तरी. आणि दहा, वीस, तीस हे आकडे मुद्दाम रिकामे. रिकामं चॅनेल डायलमध्ये येतच नाही, नऊवरून टिचकी मारली की थेट अकरा. त्यामुळे कप्प्यांमध्ये मोकळी जागा सोडायला काही पडत नाही, आणि पुढे काही भर घालायची झाली तर सगळी यादी ढकलावी लागत नाही.

एक ते नऊ रोजचं: पहिलं गटाचं मुख्य चॅनेल, दुसरं पर्यायी, तिसरं १४५.५००, मग जवळचे रिपीटर. एकवीसपासून पुढे रस्त्याच्या क्रमाने रिपीटर, गाडी पुण्याकडे निघाली की जो आधी कानावर येतो तो आधी. यावर फारसा वाद झाला नाही. वाद झाला तो अकरा ते एकोणीसवर, आणि सगळ्या यादीतला मला सर्वांत आवडणारा भाग तोच आहे.

सांगलीत पावसाळ्यात प्रत्येक माणूस दोन गोष्टी विचारतो. कोयनेतून विसर्ग किती आणि आयर्विनला किती फूट. पाणी वरून येतं, तशी बातमीही वरून यायला हवी: कराडला कोयना कृष्णेला मिळते, तिथून बहे, ताकारी, भिलवडी, सांगली, सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा मिळते, मग अंकली, आणि पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. हातातल्या पाच वॅटच्या सेटवर कराडहून सांगलीला थेट बोलणं काही होत नाही. पण वरच्या गावचा माणूस खालच्या गावच्या माणसाला ऐकू जातो, निदान गच्चीवर स्लिम जिम नावाची लांबट अँटेना टांगली तर. म्हणजे निरोप टप्प्याटप्प्याने उतरणार, नदीसारखाच.

मग चॅनेलंही तशीच का नकोत? अकरा कराड, बारा ताकारी, तेरा भिलवडी, चौदा सांगली, पंधरा अंकली, सोळा वाडी. प्रत्येक गावाला आपली एक फ्रिक्वेन्सी, २५ किलोहर्ट्झच्या अंतराने. त्या गावचा माणूस मोकळा असेल तेव्हा आपल्या चॅनेलवर ऐकत बसतो. कुणाशी बोलायचं तर त्याच्या घरी जायचं. भिलवडीवाल्याला खाली निरोप द्यायचा तर डायल एक टिचकी उजवीकडे, वर विचारायचं तर एक टिचकी डावीकडे. उजवीकडे उतार, डावीकडे चढ. पडद्यावरचं नाव वाचायची गरज नाही. सांगलीचा माणूस चौदावर बसलेला आहे हे एकदा मनात बसलं की नदीचा नकाशा बोटात येतो.

काकांना हे पटलं नव्हतं. "सगळ्यांनी एकाच फ्रिक्वेन्सीवर बसायचं. सहा माणसं सहा खोल्यांत बसली तर घरात काय चाललंय ते कुणाला कळणार?" त्यांचा मुद्दा साधा आणि खरा. लहान जाळ्यात एकच चॅनेल सर्वांत भक्कम, कारण मधल्याला ऐकू न आलेलं तिसऱ्याला ऐकू येतं आणि तो आपणहून पुढे ढकलतो. पण पूर चढताना सगळी गावं एकाच वेळी बोलायला लागली की एकावर एक चढतात आणि कुणाचंच धड ऐकू येत नाही, हेही त्यांनी त्यांच्या तरुणपणी पाहिलेलं. शेवटी मधला मार्ग निघाला. पहिली हाक कायम एकवर. बोलणं लांबणार असेल तर नियंत्रण सांगेल, "चौदावर जा," आणि काम झालं की परत एकवर. ज्यांच्या सेटला दोन चॅनेलं आळीपाळीने ऐकता येतात त्यांनी एक आणि आपलं गाव असं लावून ठेवायचं. काका हसून म्हणाले, "ठीक आहे, पण माझ्या सेटवर अकरा ते सोळा मी स्कॅनला लावणार. कोण कुणाच्या घरी बसलंय ते मला कळायला पाहिजे." लावलंही त्यांनी.

स्कॅनचंही तेव्हाच मिटवलं. चर्पमध्ये 'स्किप'चा रकाना आहे. तिथे खूण केली की स्कॅन त्या चॅनेलवर थांबत नाही. गर्दीचे रिपीटर वगळले, नाहीतर मोठ्या शहरातल्या गप्पांवर सेट अडकून बसतो आणि भिलवडीची हाक निघून जाते. यूव्ही-५आर चा स्कॅन मुळात संथ, त्यामुळे त्यात दहाच्या वर चॅनेलं फिरवत ठेवण्यात अर्थ नाही. थांबण्याची पद्धत 'सीओ' ठेवली, म्हणजे सिग्नल आहे तोवर तिथेच राहायचं. मूळ सेटिंगवर तो काही सेकंद ऐकून मध्येच निघून जातो, आणि वाक्याचा नेमका महत्त्वाचा अर्धा भाग हातचा जातो.

भरणं सोपं गेलं. एफटी-६० ची फाइल यूव्ही-५आर मध्ये जशीच्या तशी जात नाही, पण चर्पमध्ये दोन्ही उघडून ओळी एकातून दुसऱ्यात चिकटवता येतात. माझ्या सेटवर बँका, म्हणजे चॅनेलांचे गट, आहेत, दहा. एकच चॅनेल दोन बँकांत टाकता येतं, म्हणून नदीची एक बँक आणि रस्त्याची एक केली. यूव्ही-५आर वाल्यांना बँक नाही, त्यांना आकडेच आधार. तिथे तीन आकडी दाबावं लागतं: चौदासाठी शून्य, एक, चार. आमच्या घरी जमलेल्या सगळ्यांना मी दिवा मालवून ते करायला लावलं. अंधारात सगळीकडून त्या सेटमधली बाई इंग्रजीत आकडे वाचत होती. आधी हसू आलं, मग लक्षात आलं की अंधारात ती बाईच कामाची. पडदा न बघता बरोबर दाबलं की नाही ते कळतं. एरवी मी तो आवाज सर्वांत आधी बंद करते. या यादीसाठी चालू ठेवला.

खरी परीक्षा जुलैतल्या एका पावसाळी रविवारी. पूर नव्हता, पण नदी दोन्ही काठ भरून होती. वाडीहून अंकलीला, अंकलीहून सांगलीला, सांगलीहून भिलवडीला उलट्या दिशेने निरोप चढवायचा होता: एक आकडा, एक गाव, एक वेळ. भर पावसात अंकलीच्या मुलाच्या एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात सेट. त्याने अंगठ्याने डायल डावीकडे एक टिचकी मारली आणि सांगलीच्या वहिनींच्या कानात बोलू लागला. कुणी फ्रिक्वेन्सी उच्चारली नाही. भिलवडीला आकडा पोहोचला तेव्हा तो बरोबर होता. ताकारीला मात्र पोहोचला नाही, मधे उसाचं रान आणि झाडी. तिथल्या गच्चीवर अँटेना अजून उंच न्यावी लागणार.

एकेचाळीसच्या पुढे माझं स्वतःचं राज्य सुरू होतं आणि तिथे मी उपग्रह ठेवलेत. अवकाश स्थानकावर हौशी रेडिओचा रिपीटर आहे: आपण १४५.९९० वर ६७ हर्ट्झच्या टोनसह बोलायचं, ऐकायचं ४३७.८०० वर. पण स्थानक आपल्याकडे धावत येतं तेव्हा ऐकण्याची फ्रिक्वेन्सी वर सरकते आणि दूर जाताना खाली उतरते; सुमारे दहा मिनिटांत दहा किलोहर्ट्झ वरपासून दहा खालीपर्यंत. हाताने लावत बसलात तर स्थानक निघून जातं. म्हणून पाच चॅनेलं: ४३७.८१०, ८०५, ८००, ७९५, ७९०. पाचांतही बोलायची फ्रिक्वेन्सी तीच. चर्पमध्ये ड्युप्लेक्सला 'स्प्लिट' निवडून शेजारी १४५.९९० लिहिलं की झालं. स्थानक क्षितिजावर आलं की एकेचाळीस, आणि आवाज फाटायला लागला की एक टिचकी उजवीकडे.

सौदीचा एसओ-५० याच पद्धतीने, ४३६.७९५ च्या आजूबाजूला पाच. २००२ साली सोडलेला हा उपग्रह झोपलेला असतो. त्याला जागं करायला १४५.८५० वर ७४.४ हर्ट्झचा टोन एक-दोन सेकंद पाठवावा लागतो, मग दहा मिनिटं तो ६७ च्या टोनवर ऐकतो. तो जागवण्याचा टोन मी पाचांच्या आधी एका वेगळ्या चॅनेलमध्ये ठेवलाय. आधी उठवायचं, मग बोलायचं.

आणि १४५.८०० वर फक्त ऐकायचं. अंतराळवीर शाळांशी बोलतात ते इथे उतरतं. जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला स्थानकावरून मुलांशी बोलले तेव्हा देशभर कितीतरी हॅम याच आकड्यावर कान लावून होते. तिथे आपण चुकून बोलू नये म्हणून ड्युप्लेक्समध्ये 'ऑफ' लिहिलं. पीटीटी कितीही दाबलं तरी सेट गप्प. ज्या चॅनेलवर बोलायचं नाही तिथे ही खबरदारी सगळ्यांनी घ्यावी असं मी गटात दरवेळी सांगते, कारण खिशातला सेट कुठे दाबला जाईल त्याचा नेम नसतो.

यादीचा कागद मी मराठीत छापला, लॅमिनेट केला आणि प्रत्येक सेटच्या पट्ट्याला बांधला. कागदावर नदी उभी काढली आहे आणि गावांच्या बाजूला आकडे. सहा रोमन अक्षरांत मावली नाही ती नरसोबाची वाडी इथे ऐसपैस लिहिली. फाइलला नाव नाही, फक्त साल आणि महिना. दर मे महिन्यात रिपीटरांची ताजी माहिती घेऊन नवी फाइल निघते आणि जुनी ठेवून दिली जाते. यंदाच्या फाइलमध्ये एक बदल राहिला आहे. वाडीच्या सोळावर संध्याकाळी घरघर येते, बहुधा जवळच्या कुठल्या तरी इन्व्हर्टरची. ती फ्रिक्वेन्सी दुसऱ्या मोकळ्या जागी न्यायची असं ठरलंय, आकडा सोळाच ठेवून. वहिनींचा आणि अंकलीच्या मुलाचा सेट बदलून झालाय. काका म्हणतात, माझा सेट पुढच्या रविवारी घेऊन येतो, केबल तुझ्याकडंच आहे ना?